अंतर आणि सायंकाळ

बुलढाणा जिल्ह्यात दोन अनोळखी माणसे भेटली, म्हणजे गाव आणि आडनाव यांची विचारपूस होण्यापूर्वी समोरचा घाटावरचा की घाटाखालचा याचा निकाल लागावा लागतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे हे दोन भाग पाडले आहेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा, सिंदखेडराजा. खाली पूर्णेच्या काळ्या मातीत मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव. आणि त्याही पलीकडे, जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेले जळगाव जामोद व संग्रामपूर. १८५३ साली वऱ्हाडचा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली आला. पुढे साहेबाने कापसासाठी रेल्वे घातली ती खालून, मलकापूर, नांदुरा, शेगाव या वाटेने. जिल्ह्याची कचेरी मात्र नेऊन ठेवली दोन हजार फुटांवर, कारण तेथील हवा थंड. तेव्हापासून खालच्या मुलखातील पक्षकाराने दफ्तर काखोटीला मारून राजूर घाट नाही तर बोथा घाट चढावा आणि वरच्या हवेत आपल्या अर्जाचा निकाल ऐकावा, असा परिपाठ पडला, आणि तो अद्याप मोडलेला नाही. बुलढाणा शहराला आजही रेल्वे नाही. थंड हवेची किंमत बहुधा तिचा उपभोग न घेणाऱ्यालाच भरावी लागते, ही गोष्ट निवासी शाळांचा विचार करू पाहणाऱ्याने आरंभीच ध्यानी घेतलेली बरी.

डोंगरावर शाळा काढावी आणि मुलाला आईबापांपासून तोडून तेथे ठेवावे, ही कल्पना आपल्याकडे त्याच साहेबाबरोबर आली. हिमालयाच्या उतारावर सनावर येथे १८४७ साली निघालेली लॉरेन्स शाळा गोऱ्या सैनिकांच्या मुलांसाठी होती; मैदानातील ताप आणि बाजारातील भाषा या दोहोंपासून त्यांना दूर ठेवणे हा तिचा उघड हेतू होता. आमच्याकडे पाचगणीने हाच वसा घेतला. सिल्व्हर ओकच्या झाडीत तेथे गोऱ्यांपाठोपाठ पारशांच्या आणि इतरांच्या शाळा उभ्या राहिल्या, १९२२ साली संजीवन विद्यालय निघाले, आणि ऐपतदार मराठी घरातील मुलगा पाचगणीला असणे ही हळूहळू प्रतिष्ठेची बाब झाली. या शाळांची थट्टा करणे सोपे आहे. त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या अंगी येणारा एक प्रकारचा चकचकीतपणा मला स्वतःला कधी रुचलेला नाही. तरीसुद्धा एक गोष्ट त्यांच्या चालकांना अचूक उमगली होती, ती ही की निवासी शाळेचे सारसर्वस्व तिच्या वर्गात नसते. इंग्लंडात रग्बी येथे थॉमस आर्नल्ड १८२८ पासून १८४२ पर्यंत मुख्याध्यापक होते. त्यांच्या कीर्तीचा पाया त्यांनी लॅटिन कसे शिकविले यापेक्षा वसतिगृहाचा भार त्यांनी कोणावर सोपविला यावर रचलेला आहे. त्या परंपरेत घरप्रमुख हा शाळेतील वजनदार माणूस. तो मुलांच्याच छपराखाली राहतो, त्यांच्याबरोबर जेवतो, कोणाला घरची ओढ लागली आहे आणि कोण कोणाला छळतो आहे, हे त्याला ठाऊक असते. मुलगा घरापासून तोडला, तर संध्याकाळी पाचनंतर त्याचे जे घर जाते ते कोणीतरी भरून द्यावे लागते, या जाणिवेवर ती सारी व्यवस्था उभी होती. अंतर आणि सायंकाळ, या दोन खांबांपैकी एक काढून घेतला तर दुसऱ्यावर छप्पर उभे राहत नाही.

गरिबांच्या मुलांसाठी निवासी शाळा काढताना आपण अंतर तेवढे घेतले आणि सायंकाळ घेतली नाही, असे माझे म्हणणे आहे. आणि त्याची परीक्षा पाहावयाची तर बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडे जावे लागते.

सातपुड्याच्या त्या उतारावर भिंगारा, चाळीसटापरी, गोमाल अशी आदिवासींची गावे आहेत. भिलाला, बारेला, कोरकू आणि निहाल या लोकांची ही वस्ती. यांतील निहालांची गोष्ट मोठी नवलाची आहे. जळगाव जामोदच्या परिसरात टेंभी, सोनबर्डी अशा मोजक्या गावांतून बोलली जाणारी त्यांची निहाली भाषा जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी नि:संदिग्धपणे जोडता आलेली नाही. कुइपर नावाच्या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. भाषाशास्त्रज्ञ दुरून येऊन तिचे शब्द टिपून नेतात. आणि बोलणारे उरले आहेत दोन हजारांच्या आसपास. अशा घरातले लेकरू शाळेत दाखल होते तेव्हा त्याला घरी एक भाषा, शेजारच्या कोरकूंशी दुसरी, बाजारात हिंदी आणि वर्गात मराठी अशा चार पायऱ्या चढून यावे लागते. आणि चौथ्या पायरीवर अडखळले, की मुलगा बुद्धीने मंद असल्याचा शेरा पडतो. चौथीपर्यंतची शाळा पाड्यावर नाही तर जवळपास असते. पुढच्या शिक्षणासाठी मात्र डोंगर उतरून आश्रमशाळेत राहावयास यावे लागते. मुंबईकर मुलगा हवा खाण्यासाठी डोंगर चढतो, आणि डोंगरात जन्मलेला मुलगा पाचवी-सहावीसाठी डोंगर उतरतो. पहिल्याच्या बाबतीत अंतर ही बापाने रोख रक्कम मोजून घेतलेली वस्तू आहे. दुसऱ्याच्या बाबतीत ती शिक्षणाची अट आहे.

आश्रमशाळा या संस्थेचा उगम पवित्र आहे, हेही सांगितले पाहिजे. ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले. ज्यांच्या दारात शाळा जाऊ शकत नाही त्यांच्या मुलांना शाळेच्या दारात आणून ठेवावे, त्यांच्यात राहून त्यांना शिकवावे, ही त्यामागील भावना होती, आणि आश्रम हा शब्द तिला शोभत होता. पुढे सरकारने ती योजना उचलली, सत्तरच्या दशकात स्वतः आश्रमशाळा चालवावयास घेतल्या, आणि आज महाराष्ट्रात सुमारे पाचशे शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळा आहेत. बुलढाणा जिल्ह्याचा हा कारभार अकोल्याच्या प्रकल्प कार्यालयातून चालतो. संस्था वाढली, इमारती झाल्या, आकृतिबंध मंजूर झाला, आणि आश्रमाची शाळा झाली. परंतु आश्रमातील जी माणसे दिवे लागल्यावरही तेथेच असत, ती आकृतिबंधात कोठे मावली नाहीत.

पायथ्याच्या अशाच एका आश्रमशाळेत मी एक सायंकाळ काढली होती. शाळा सुटल्याची घंटा झाली, तशा शिक्षकांच्या मोटारसायकली एकामागून एक फाटकाबाहेर पडल्या. कोणी तालुक्याला, कोणी त्याहीपुढे. यात त्यांचा फारसा दोष मी मानीत नाही. त्यांनाही घरे आहेत, लेकरे आहेत, आणि मुख्यालयी राहावयाचे म्हटले तर राहण्याजोगी खोली तेथे नव्हती. उरले कोण, तर अधीक्षक, स्वयंपाकी, दोन कामाठी आणि पहारेकरी. अधीक्षक भला माणूस होता. सरपणाचा हिशेब, किराण्याची आवक, दुसऱ्या दिवशी प्रकल्प कार्यालयात नेऊन द्यावयाची माहिती, एका मुलाचा ताप, नळाला न आलेले पाणी, अशा पाच गोष्टी तो एकाच वेळी निस्तरीत होता, आणि त्याच्या भोवती शेकडो मुले होती. मुलांनी आपापली ताटे राखेने घासली, रांगेने धुतली, पत्र्याच्या पेट्यांवर उपडी घातली. त्यानंतर झोपेपर्यंत जो दोन-अडीच तासांचा अवधी उरला, त्यात करण्यासारखे काहीही नव्हते. दिव्याखाली आठ-दहा मुले पुस्तक घेऊन बसली. बाकीची ओट्यावर, पायरीवर, अंधारात. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा भिंतीला पाठ लावून डोंगराकडे तोंड करून बसला होता. मी शेजारी बसलो आणि नेहमीचे मूर्खपणाचे प्रश्न विचारले: कितवीत आहेस, कोणता विषय आवडतो. त्याने बेताची उत्तरे दिली. मग आपण होऊन त्याने एका ठिपक्याकडे बोट दाखविले आणि म्हणाला, "तो जाळ दिसतो ना सर, तो आमच्या बाजूचा." घरी कधी गेला होतास असे विचारताच मात्र तो एकदम मोकळा झाला, कोणत्या नाल्यात पाणी लागते, कोठून चढण सुरू होते, अस्वल कोठे दिसते, बापाने यंदा मका किती पेरला, हे त्याने मला इतके तपशीलवार आणि इतक्या शुद्ध क्रमाने सांगितले, की वर्गात भूगोलाच्या पुस्तकावर तो मुका राहतो यावर माझा विश्वास बसेना. त्याच्यापाशी सांगण्यासारखे विपुल होते, आणि विचारणारी सगळी माणसे घंटेबरोबर निघून गेली होती.

कुमारवयाचा विशेष हाच असतो, की त्या वयात मुलाला प्रश्न पडतात ते दिवसा पडत नाहीत. शरीर बदलत असते, मित्राने केलेला अपमान जिव्हारी लागलेला असतो, आपण कोण आणि पुढे काय याची अस्फुट भीती मनात घर करून बसलेली असते; आणि या सर्वांची वेळ सायंकाळची. घरातील मूल अशा वेळी काही बोलले नाही, तरी आईच्या हाताखाली काम करते, आजीच्या पांघरुणात शिरते, बापाबरोबर रानात जागलीला जाते, आणि तेवढ्याने त्याचे भागते. निवासी शाळेत याची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली करावयाची हे शासनाला सुचलेले नाही. २०२३ साली आश्रमशाळांची वेळ सकाळी पावणेनऊची केल्यावर पुष्कळ वाद झाला. शाळा किती वाजता भरावी यावर सर्वांना मत होते. ती सुटल्यावर काय व्हावे, याविषयी कोणी चकार शब्द काढल्याचे मला आठवत नाही.

या रिकाम्या सायंकाळची किंमत केवळ मनालाच मोजावी लागते असे कोणी समजू नये. आश्रमशाळांतील बालमृत्यूंच्या चौकशीसाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल २०१६ साली आला. पंधरा वर्षांत हजाराहून अधिक मुले दगावली होती. ताप, सर्पदंश, पाण्यात बुडणे, अशी कारणे पाहिली तर ती फळ्यासमोरची नाहीत. ती ओट्यावरची, विहिरीवरची, जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवरची आहेत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आमच्या खामगाव तालुक्यातील पाळा येथील अनुदानित आश्रमशाळेत मुलींवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. सारा महाराष्ट्र हादरला, विशेष तपास पथक नेमले गेले, शाळेची मान्यता गेली. त्या प्रकरणातील एका तपशिलाकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. ते बाहेर आले ते तपासणी अधिकाऱ्यांच्या भेटीतून नव्हे, शेरेबुकातून नव्हे. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेल्या मुलीने आईबापांना सांगितले तेव्हा. घरी जाण्याची वाट उघडी होती म्हणून. ती दिवाळीऐवजी मे महिन्यात उघडली असती तर काय झाले असते, हा विचार मन अस्वस्थ करणारा आहे.

घरच्या वाटेचाच विषय निघाला म्हणून होळीविषयी लिहितो. सातपुड्यात वर्षाचा मोठा सण होळी. दिवाळीला शाळेची रीतसर सुट्टी असते. होळी मात्र नेमकी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, शालान्त परीक्षेच्या तर ऐन मध्यावर येते, आणि तिला मिळते एखाद-दुसऱ्या दिवसाची सुट्टी. डोंगरात ढोल वाजू लागले, मजुरीला दूर गेलेली माणसे सणासाठी परतू लागली, भोंगऱ्याचे बाजार भरू लागले, की पायथ्याच्या शाळांतून मुले नाहीशी होतात. हजेरीपटावर तांबड्या शाईने गैरहजेरी पडते, आणि बोलण्यात 'पळून गेली' असा शब्द येतो. जो आपल्या घरी सणाला जातो तो पळून गेला, आणि जेथे तो वर्षभर घरच्यांवाचून असतो तेथे तो हजर! शाळेचे पंचांग ज्या समाजासाठी शाळा आहे त्याच्या पंचांगावरून ठरविण्यास कोणत्या कायद्याची आडकाठी आहे, हे मला कोणी समजावून सांगावे. दिवाळीचे चार दिवस कमी करून होळीला आठवडा द्यावा. परीक्षा मंडळाची अडचण फक्त दहावी-बारावीपुरती, बाकीच्या इयत्तांना ती नाही.

आश्रमशाळांच्या या उणिवांवर उपाय म्हणून गेल्या दीड दशकात सरकारने एक वेगळाच मार्ग काढला. आदिवासी मुलांना शहरातील आणि थंड हवेच्या ठिकाणच्या नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठवावयाचे आणि त्यांचे शुल्क, वर्षाकाठी दरडोई पन्नास-सत्तर हजारांपर्यंत, शासनाने भरावयाचे. कल्पना वरकरणी न्याय्य आहे. श्रीमंताच्या मुलाला जी पाचगणी मिळते ती भिलाल्याच्या मुलाला का मिळू नये? मी या प्रश्नाला हसण्यावारी नेत नाही. इंग्रजी नाही म्हणून उच्च न्यायालयाच्या पायरीपासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत ज्याला सर्वत्र दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले, त्या बापाने मुलाला इंग्रजी शाळेत घालण्याचा आग्रह धरला तर मातृभाषेची महती त्याला सांगण्याचा अधिकार आपणांस नाही. आपली मुले कोठे शिकतात हे तो जाणून असतो. चांगल्या नामांकित शाळेत सायंकाळही मिळते: मैदान, वाचनालय, देखरेख. मात्र तेथे अंतर एवढे वाढते की दुसरा खांब मोडतो. जळगाव जामोदच्या डोंगरातून पाचगणी पाचशे किलोमीटरांहून दूर. बापाने मुलाला भेटावयास निघावे तर दोन दिवसांची मजुरी, एस.टी.चे भाडे आणि फाटकावरच्या माणसाशी कोणत्या भाषेत बोलावे ही धास्ती. पालक-सभेला तो जात नाही. त्याच्या गैरहजेरीचा अर्थ त्याला आस्था नाही असा लावला जातो. मुलगा उन्हाळ्यात परततो तेव्हा त्याची इंग्रजी ऐकून गाव कौतुक करते आणि आजीचे बोलणे त्याला अर्धे कळते. सहा-सात वर्षांनी असा मुलगा घरचा पाहुणा होतो. पाचगणीचा श्रीमंत मुलगा पाहुणा होत नाही, कारण त्याच्या घरची भाषा, घरचे पाहुणे, घरचा व्यवसाय हे सर्व शाळेच्याच जगाचा विस्तार असतात; त्याला दोन जगांमधील दरी ओलांडावी लागत नाही.

घरापासून असे तोडणे कोठवर जाऊ शकते, हे परदेशात दिसले आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात १८७९ साली कार्लाइल येथे रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. मुलांचे केस कापले, नावे बदलली, भाषा बंद केली, आणि हे सारे त्यांच्या कल्याणार्थ. कॅनडात तशाच शाळा शतकाहून अधिक काळ चालल्या, आणि त्यांतून काय निपजले याचा शोध घेण्यासाठी तेथील सरकारला २००८ साली सत्यशोधन आयोग बसवावा लागला. आपली आश्रमशाळा त्या पंगतीला बसविणे अन्यायाचे होईल. आपल्या संविधानाने आदिवासीला पुसून टाकण्याची नव्हे, जपण्याची प्रतिज्ञा केली आहे, आणि ठक्करबाप्पांचा पिंड प्रॅटसाहेबाचा नव्हता. तरी हेतू निर्मळ असूनही परिणाम त्याच दिशेने सरकू शकतो. त्याला दुष्टावा लागत नाही, कोणी लक्ष देणारे नसले तरी पुरते.

आणि आपल्याकडे लक्ष देणारी माणसे झाली नाहीत असे थोडेच आहे? बुलढाण्याच्या शेजारी खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, १९२४ पासून १९३० पर्यंत साने गुरुजी होते. ते शिक्षक म्हणून चांगले होतेच, परंतु त्यांचे खरे कर्तृत्व छात्रालयातले. मुलांचे कंदील पुसावे, अंथरुणे आवरावी, आजाऱ्याच्या उशाशी बसावे, आणि 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या अक्षरात काढून सकाळी मुलांच्या हाती द्यावे, हा त्यांचा क्रम. साताऱ्यास १९२४ साली भाऊराव पाटलांनी शाहू बोर्डिंग सुरू केले तेव्हा त्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविण्याचा धडा त्या बोर्डिंगने वर्गात दिला नाही, पंगतीतच दिला. ही माणसे असामान्य होती, सर्वांकडून तशी अपेक्षा करता येणार नाही, असे म्हटले जाते. मान्य. मात्र असामान्य माणसाने जे आपखुशीने केले, ते सामान्य माणसाकडून पगारावर करून घेण्यासाठीच शासन नावाची वस्तू असते. आज आश्रमशाळेत अधीक्षकाचा मान शिक्षकाच्या खाली. त्याच्या पदाची भरती रखडते, पद रिकामे पडले की एखाद्या शिक्षकावर अतिरिक्त कार्यभार येतो, आणि मुलींच्या बाजूस स्त्री अधीक्षिका नसणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. इंग्रजांच्या शाळेत जो सर्वांत वजनदार, तो आमच्या शाळेत सर्वांत हलका. किराणा मोजणारा एक आणि मुलांजवळ बसणारा दुसरा, अशी दोन पदे का नसावीत? दुसरा माणूस त्याच डोंगरातला, निहाली किंवा कोरकू किंवा भिलाली बोलणारा असावा. बारावी झालेली अशी मुलेमुली आता प्रत्येक पट्ट्यात आहेत आणि खामगावच्या दुकानांतून गोण्या उचलीत आहेत.

मुलांना इतक्या लांब न्यावेच कशाला, शाळाच पाड्यावर न्या, असे काही सहृदय लोक म्हणतात. चौथीपर्यंत त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. त्यापुढे विज्ञानाचा, गणिताचा, इंग्रजीचा वेगळा शिक्षक वीस घरांच्या वस्तीवर देता येत नाही, आणि तो देतो असे सांगणे ही त्या मुलांची फसवणूक होईल. म्हणून वसतिगृह राहणार. परंतु सध्या वारे उलट्याच दिशेने वाहत आहेत. २०२३ साली वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शिक्षण खात्याने मांडला. राज्यात अशा शाळा चौदा-पंधरा हजारांच्या घरात, आणि सातपुड्याच्या उतारावर तर बहुतेक वस्तीशाळांचा पट तेवढाच. त्या बंद झाल्या, तर आज दहाव्या वर्षी डोंगर उतरणारे मूल सहाव्या वर्षी उतरेल. गाडीभाडे, इमारत, पटसंख्या, शिक्षकांचे समायोजन, या सर्वांचे आकडे त्या विचारामागे आहेत. सहा वर्षांचे मूल रात्री घाबरून उठल्यास त्याच्याजवळ कोणी जावयाचे, हे पद कोणत्याही प्रस्तावात माझ्या पाहण्यात आलेले नाही. आणि ते मंजूर होईपर्यंत पाड्यावरच्या एका शाळेलाही कुलूप लावण्याचा अधिकार कोणाला असू नये.